अर्धी मात्रा लवकर

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्याला मी आजपर्यंत एकच प्रश्न विचारत आले – रेकॉर्डिंग आहे का? समोरचा गप्प व्हायचा आणि मी खूश. आता तोच प्रश्न मला कुणी विचारला तर उत्तर आहे, हो, आहे. तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांचं आहे, स्वच्छ आहे, त्यातलं प्रत्येक वाद्य सुटं करून ऐकता येतं. आणि त्यात काहीही नाही. तुम्ही ऐकलंत तर तुम्हाला एक बऱ्यापैकी गाणं ऐकू येईल, एवढंच. तरीही लिहितेय, कारण हे डोक्यातून जात नाही आणि घरी सांगायची सोय नाही.

मी शलाका. गिरगावात आमची ही चौथी पिढी. ठाकूरद्वारजवळ एका चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं की आधीचं बरं?" असं दिवसभर विचारत राहायचं, हे माझं काम. आमच्या घरात देवघर आहे, पण अंगारे, दृष्ट काढणं, असलं काही कधीच नव्हतं. आजोबा तर घरात नवीन वस्तू आणायची झाली की मुद्दाम अमावास्या शोधायचे. मीही त्यांच्याच वळणावर गेलेली.

आणखी एक सांगायला हवं. मला गाण्यांबद्दल मतं आहेत... फार आहेत. इंडी म्हणा, अल्टरनेटिव्ह रॉक म्हणा – ज्या बँडच्या कार्यक्रमाला साठ माणसं येतात आणि त्यातली वीस त्यांची नातेवाईक असतात, तसले बँड मी कॉलेजपासून ऐकतेय. शिट्टी वाजवलेलं गाणं मी अर्ध्यात बंद करते. गिटारवर इतका घुमारा की माणूस मोरीत बसून वाजवतोय असं वाटावं – बाद. गायक आत्ताच झोपेतून उठल्यासारखा पुटपुटतो आणि आपण त्याला 'खोल' म्हणायचं, का बरं? बहुतेक इंडी गाण्यांची सुरुवात झकास असते, मधलं ठीकठाक असतं आणि शेवट नसतोच, पोरं दमली की गाणं थांबतं. उलट एखाद्या फालतू गाण्यात ड्रमर दोन ओळी नुसता थांबतो आणि मग असा काही येतो की तेवढ्यासाठी मी ते गाणं बसस्टॉपवर उभ्या उभ्या दहा वेळा ऐकलेलं आहे. अशी मतं ऐकून घेणारं माणूस घरात नसतं. म्हणून आमचा चिठ्ठ्यांचा रविवार.

तर ते असं. लालबागला विनू राहतो. मालिकांच्या डबिंगचं साउंडचं काम करतो. चाळीतल्या त्याच्या दोन खोल्यांपैकी मागच्या खोलीला त्याने भिंतीभर जुन्या गाद्या ठोकून स्टुडिओ केलाय. दर रविवारी सकाळी अकरा वाजता मी, विनू आणि सुमेध असे तिघं तिथे जमायचो. प्रत्येकाने एकेक गाणं आणायचं, कुणाचं आहे ते सांगायचं नाही. गाणं वाजताना एक शब्द बोलायचा नाही, म्हणजे एकाचं मत दुसऱ्याला चिकटत नाही. गाणं संपलं की प्रत्येकाने चिठ्ठीवर मत लिहायचं, आणि ज्याने गाणं आणलं त्याने त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. दया माया नाही. माझ्या चिठ्ठ्या सगळ्यात कडू असायच्या आणि मला त्याचा अभिमान होता.

सुमेध भायखळ्याचा. बँकेत नोकरी, आणि स्वतःचा एक छोटा बँड. माझी त्याची ओळख आठेक महिन्यांची. त्याची आई एका शाळेत शिपाई आहे, कधी कधी त्याच्या हाती माझ्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी पाठवायची. त्याची धाकटी बहीण दीड वर्षापूर्वी वारली, एवढं मला विनूने एकदा कानाशी सांगितलं होतं. सुमेध तिचा विषय काढत नसे आणि मीही कधी विचारलं नाही.

त्या रविवारी सुमेधने एक गाणं लावलं. मराठी, संथ, दोन गिटार, बरा आवाज. आवाज त्याचाच होता, म्हणजे गाणं त्याच्याच बँडचं, ते मला पहिल्याच ओळीत कळलं. पण नियम म्हणजे नियम, मी काही बोलले नाही. चिठ्ठीवर लिहिलं ते असं –

'सुरुवात आवडली. ड्रम्स लाजरे. शेवटच्या ओळीला दुसरा आवाज येतो, बाईचा. सुरात आहे, पण अर्धी मात्रा लवकर येते. काढून टाका, गाणं सुधारेल.'

सुमेधने विनूची चिठ्ठी वाचली, हसला. मग माझी वाचायला घेतली. 'बाईचा' इथपर्यंत आला आणि थांबला. पुढचं त्याने मनातच वाचलं.

"कुठली बाई गं?" विनू म्हणाला. "मिक्स मी केलंय. आख्ख्या गाण्यात बाई नाही."

"आहे. शेवटच्या ओळीला. मला काय ऐकू येत नाही का?"

"थांब, दाखवतोच तुला." विनूने गाण्याचा फक्त शेवट परत वाजवला. खरंच, काही नव्हतं. सुमेध एकटाच गात होता. विनूला हसू आवरेना. "डोळे तपासतेस ना? कान पण तपासून घे एकदा."

मी चिडले, मग मीही हसले. सुमेध मात्र हसला नाही. त्याने माझी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, काहीतरी काम आठवलं म्हणाला आणि निघून गेला. मला वाटलं, आपल्या चिठ्ठीचा राग आला असेल. कलाकार माणसं नाजूक असतात, असं मी विनूला म्हटल्याचंही मला आठवतं.

मंगळवारी दुपारी सुमेध दुकानात आला. दुकान रिकामं होतं. डोळे तपासायच्या खुर्चीत येऊन बसला आणि म्हणाला, "तुला प्रज्ञाबद्दल कोणी सांगितलं?"

प्रज्ञा म्हणजे त्याची बहीण. मी म्हटलं, "ती गेली एवढंच माहीत आहे मला."

"ती गायची, हे?"

"नाही."

"विनूने पण नाही सांगितलं?"

"नाही रे. काय झालंय काय?"

तो समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "माझ्या बँडमध्ये दुसरा आवाज तिचाच होता. हेच गाणं. विनूच्या खोलीत रेकॉर्ड करत होतो. शेवटच्या ओळीला ती दर वेळी लवकर यायची. अर्धी मात्रा. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर बोललो तिला – तू लवकर येतेस, तुला काढून टाकलं तर गाणं सुधारेल."

हे शब्द माझे होते. चिठ्ठीवरचे, जवळपास तेच.

"आणि काढलंच. तिचा टेक तिच्यासमोर डिलीट केला. ती काही बोलली नाही, चपला घातल्या नि गेली. नंतर घरात आम्ही धड बोलत नव्हतो. तीन आठवड्यांनी ताप आला तिला. डेंग्यू. पाचव्या दिवशी..." त्याने माझी चिठ्ठी खिशातून काढून माझ्यासमोर ठेवली. "तू ऐकलीस ती 'फायनल चार' नावाची फाईल. ती गेल्यावर सहा महिन्यांनी मी सगळं नव्याने रेकॉर्ड केलंय. ड्रम्स, गिटार, माझा आवाज, सगळं. जुन्यातलं एक सेकंदही त्यात नाही."

दुपारचे तीन वाजले होते, बाहेर रस्त्यावर बसचे हॉर्न चालू होते, आणि माझ्या अंगावर काटा आला. भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. मी त्याला म्हटलं, "मला माहीत असतं तर मी तसं लिहिलं नसतं रे."

"माहीत नव्हतं म्हणूनच तर आलोय. परत ऐकशील? रविवारी. नीट, पूर्ण."

"ऐकेन. काकींना सांगितलंस?"

"आईला आत्ता नको. आधी खात्री होऊ दे. तिला आशा लावायची आणि मग काहीच निघालं नाही तर मरेल ती."

मला ते अगदी पटलं. मी म्हटलं, "बरोबर आहे. आधी खात्री करू."

मधल्या दिवसांत मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. बंद खोलीत हेडफोन घालून बसवलं, बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या, ऐकू आली की बटण दाबायचं. रिपोर्ट नॉर्मल. रात्री झोप लागत नव्हती ती वेगळी गोष्ट.

रविवारी अकराला आम्ही तिघं विनूच्या खोलीत. विनू घुश्शात होता. "हे सगळं भंकस आहे, सुमेधच्या डोक्याचं भजं करू नकोस," असं त्याने मला दारातच सुनावलं. पण एकदा कामाला लागला की तो चोख. त्याने मला स्क्रीनकडे पाठ करून बसवलं. बाईचा आवाज आला की मी हात वर करायचा, तो वेळ लिहून ठेवणार. पेशंटला तक्ता पाठ होऊ नये म्हणून मी अक्षरं उलटी वाचायला लावते, तसलंच हे. मीही मांडीवर कागद घेतला, काय ऐकू येतंय ते टिपायला.

गाणं सुरू झालं. आणि ती आली. शंकाच नको इतकी स्पष्ट. मी हात वर केला. सुमेधने तोंडावर हात दाबून धरला.

"तीन मिनिटं एक सेकंद," विनू म्हणाला. "शेवटची ओळ तीन वीसला आहे. तेव्हा नाही केलास तो हात?"

"आधीच आली. आणि ओळ सुरू व्हायच्या आत संपली."

दुसऱ्यांदा वाजवलं. हात वर. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदा, दोन एकोणचाळीस. विनूने पेन टाकलं. "तुला एक जागा धरता येत नाही म्हणजे भास आहे तुझा. संपला विषय."

"कागद दाखव," मी म्हटलं.

ती एकदाही आधीच्यापेक्षा उशिरा आली नव्हती. प्रत्येक वेळी थोडी अलीकडे. मागच्या रविवारी विनूने फक्त शेवट वाजवला तेव्हा ती मला का ऐकू आली नाही, तेही मग लक्षात आलं. ती तोपर्यंत अलीकडे सरकून गेली होती. मी हे म्हटलं आणि सुमेध रडता रडता हसायला लागला. "ती येतेच लवकर," म्हणाला. "सगळीकडे. शाळेतपण दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहायची."

खरं सांगू? त्यानंतरचा तासभर आम्हाला मजा येत होती. लिहायला जड जातंय, पण तसंच होतं. विनूचा सगळा नकार गळून पडला आणि त्याच्यातला साउंडवाला जागा झाला. हेडफोन बदलून बघू. स्पीकरवर बघू. फक्त डावा, फक्त उजवा. आवाज कमी करून, आवाज वाढवून. आम्ही गाण्याचं वेड लागलेली माणसं, एखादी जागा सापडली की ती घासून घासून ऐकायची सवय. "हे बरं की आधीचं बरं?" विनू विचारायचा आणि मी सांगायचे – आत्ता जवळून आली, आत्ता जरा डावीकडून, आत्ता श्वास घेतलेला पण ऐकू आला. प्रत्येक वेळी एक खेप खर्च होत होती, आणि आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नाही.

मग विनू एकेक वाद्य बंद करत गेला. गिटार काढल्या. ड्रम्स काढले. सुमेधचा आवाज काढला. ती होतीच. शेवटी विनू म्हणाला, "आता मी काहीतरी लावतोय. ऐक."

हेडफोनमध्ये शांतता. शेजारच्या खोलीत कुणीतरी मिक्सर फिरवत होतं, तो गादीतून घरघरत होता. आणि त्या शांततेत ती आली. एकटी. माझ्या अगदी कानाशी, किंचित घोगरी, सर्दी झाल्यासारखी. मी हात वर केला.

विनूने माझ्या खांद्याला धरून मला वळवलं. स्क्रीनवरच्या आवाजाच्या सगळ्या पट्ट्या खाली होत्या. "सगळं बंद आहे, शलाका. काहीच वाजत नाहीये. मस्करी करत असशील तर आत्ता सांग."

मी मान हलवली. मला उठून घरी जायचं होतं, आईजवळ जाऊन बसायचं होतं. पण मीच म्हटलं, "अजून एकदा." का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. सवय, दुसरं काय.

आणखी दोन-तीनदा झालं. ती आता गाणं सुरू होताच येत होती, पहिल्या गिटारबरोबर. मग मी पाठ करून बसले, हेडफोन नीट केले, आणि ती आली. मी हात वर केला.

मागून काहीच आवाज नाही. मी म्हटलं, "आली. लिही ना."

"शलाका," विनू म्हणाला, "मी अजून प्ले केलेलं नाही."

मी हेडफोन काढून खाली ठेवले. मग सुमेध उठला. "बास. झाली खात्री," म्हणाला. "आईला बोलावतो."

जी सुरुवातीच्याही आधी येऊन गेली, ती पुढच्या वेळी कुठे असेल? हे मला त्याच क्षणी सुचलं होतं, पण सुमेधच्या चेहऱ्याकडे बघून मी गप्प बसले. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

काकी दीडच्या सुमाराला टॅक्सीने आल्या. बुद्धवंदनेला नेसतात ती पांढरी साडी नेसून, केस नीट बांधून. विनूने खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी त्यांनी प्यायलं नाही. सुमेधने फोनवर सगळं सांगितलेलं होतं.

"आम्ही बौद्ध माणसं, बाळा," त्या मला म्हणाल्या. "आत्माबित्मा आम्ही मानत नाही. मी आत्तापण मानत नाही." हात मांडीवर ठेवले त्यांनी. "लाव रे विनू."

विनूने लावलं. मी डोळे मिटले. गिटार, मग ड्रम्स, मग सुमेध. पहिलं कडवं. दुसरं. मी कानात प्राण आणून ऐकत होते. शेवटची ओळ आली, सुमेधने एकट्याने म्हटली, आणि गाणं संपलं.

"परत लाव," मी म्हटलं.

परत. स्पीकरवर, हेडफोनवर, सगळ्या पट्ट्या खाली करून. पाच वेळा. शांतता म्हणजे नुसती शांतता होती. मी डोळे उघडले तर काकी माझ्याच तोंडाकडे बघत होत्या, पापणी न हलवता.

"नाही का?"

"नाही, काकी."

"सकाळी किती वेळा आली?"

विनूने कागद मोजला. "एकवीस."

"एकवीस वेळा," त्या म्हणाल्या. मग मला विचारलं, "काय म्हणत होती?"

मी मांडीवरचा कागद बघितला. माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं – डावीकडे किंचित जास्त. श्वास आधी. सूर पक्का. घोगरी. माइकच्या फार जवळ. दोन पानं भरून होतं. मी गाणं ऐकते तेव्हा शब्द सगळ्यात शेवटी ऐकते, आधी आवाज कुठून येतो, कसा येतो, कुठे येतो. मित्रमंडळींत मी ही गोष्ट फुशारकीने सांगायचे.

"शेवटचीच ओळ म्हणत असेल," सुमेध म्हणाला. "तिची ती ओळ."

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं का? मला अजून कळत नाही. "ती ओळ नव्हती. ओळीपेक्षा लांब होतं. चाल निराळी होती."

"शब्द होते?" काकींनी विचारलं.

"होते."

"आपले? मराठी?"

"हो."

"मग सांग ना, बाळा."

"मी... शब्दांकडे लक्ष दिलं नाही, काकी."

काकी मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुमेधकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तेव्हापण असंच केलंस."

"आई..."

"मी गावाला होते, पुतण्याच्या लग्नाला," हे त्या मला आणि विनूला सांगत होत्या. "ही ताप घेऊन ॲडमिट झाली. दोन दिवस चांगली बोलत होती. नर्सशी बोलली, बाजूच्या बेडवरच्या बाईशी बोलली. आई कुठाय विचारत होती, त्या बाईने सांगितलं मला नंतर. आणि हा म्हणतो, रिपोर्ट येऊ दे, खात्री होऊ दे, आई उगाच घाबरेल. मी आले तेव्हा तोंडात नळी होती तिच्या." मग सुमेधला, "खात्री मला कशाला हवी होती रे? आज एकवीस वेळा बोलली. मला एकदा बोलवायचं होतंस."

सुमेध होता तिथेच जमिनीवर बसला. काकी त्याला जवळ घेतील असं मला वाटलं, पण त्यांनी पर्स उचलली, चपला घातल्या आणि त्या जिना उतरून गेल्या.

त्यानंतर आमचे रविवार बंद झाले. गाणं सुमेधने कुठेच टाकलं नाही. विनूने महिनाभर डोकं खाजवलं – शेजारच्या खोलीतला आवाज माइकमध्ये शिरला असेल, जुन्या फाईलचा तुकडा राहिला असेल, हेडफोनने रेडिओ पकडला असेल. एकेक शक्यता त्याने स्वतःच खोडली. माझा भास होता असं म्हणावं, तर त्या मुलीला मी कधी पाहिलेलं नाही, तिचा आवाज कधी ऐकलेला नाही, भांडणाचं मला माहीत नव्हतं. ती श्वास कुठे घेते हे मी सुमेधला सांगितलं तेव्हा त्याने मान खाली घातली होती, कारण ते बरोबर होतं. आणि ती मलाच का ऐकू यावी, सख्ख्या भावाला का नाही? तिला काढून टाका असं मीही म्हटलं होतं, म्हणून? मला माहीत नाही. इथे कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, पण 'मनाचे खेळ' एवढंच लिहिणार असाल तर ते मी स्वतःला शंभर वेळा म्हणून झालंय.

दीड महिन्याने दुकानात काकींचा फोन आला. "रविवारी घरी येशील?" मी गेले. भायखळ्याच्या त्यांच्या खोलीत त्यांनी टेबलावर दोन मोबाईल आणि नातेवाइकांकडून मागवून आणलेला एक पेनड्राइव्ह मांडून ठेवला होता. प्रज्ञा गेल्यानंतर त्या घरात जे जे म्हणून रेकॉर्ड झालं, ते सगळं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी कुणीतरी घेतलेली वंदना. भाच्याचा वाढदिवस. गॅलरीतून घेतलेली जयंतीची मिरवणूक. शेजारच्यांची हळद. नवा फोन घेतला तेव्हा सुमेधने चाचणी म्हणून घेतलेलं रिकाम्या खोलीचं एक मिनिट. आणखी दोन किरकोळ. एकूण सात. त्यातलं एकही त्यांनी तोवर कुणाला वाजवू दिलेलं नव्हतं, स्वतःही ऐकलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी रविवारी जाते. एका वेळी एकच ऐकायचं, आणि एकदाच. काकी मोरीतला नळ घट्ट बंद करतात, पंखा बंद करतात आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतात. सुमेध बाहेर गॅलरीत उभा राहतो, आत येत नाही. मी हेडफोन घालते आणि फक्त शब्द ऐकते. दुसरं काही ऐकायचं नाही असं स्वतःला बजावून.

गेल्या रविवारी वाढदिवसाचा व्हिडिओ होता. टाळ्या, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, कुणीतरी 'चाकू आण' म्हणतंय, एक लहान मूल रडतंय. चार मिनिटं. संपलं. मी मान हलवली.

काकींनी मोबाईल पदराने पुसला, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

"अजून दोन आहेत," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी ये."